स्किड स्टीअर भाड्याने घेताना "सगळं बसतं सर" ऐकून डोकं उठलं

काम साधंच होतं. झुडपांचं रान माजलेली जागा साफ करायची, माती ओढून सपाट करायची आणि निघालेला राडा ट्रकमध्ये भरायचा. आत जायची वाट अरुंद आणि वळायला जागा नाही, म्हणून स्किड स्टीअर लोडरच, म्हणजे चाकं घासत जागच्या जागी वळणारा छोटा लोडर, घ्यायचा हे ठरलेलंच होतं. हे मशीन मुळात अशाच अडचणीच्या जागेसाठी जन्माला आलंय, अमेरिकेत मिनेसोटात केलर बंधूंनी १९५७ मध्ये टर्कीच्या शेडमधली घाण काढायला त्याचा पूर्वज बनवला, तीन चाकांचा. तर मशीन कुठलं, किती दिवस, ऑपरेटर कोणाचा, हे सगळं पटापट उरकलं.

घोडं अडलं मल्चरवर. म्हणजे पुढे लावायचा दातेरी ड्रम, झुडपं चिरडून भुगा करतो तो. भाड्याने देणाऱ्याकडे मशीनही होतं आणि मल्चरही होता. मी एकच प्रश्न धरून बसलो होतो की या मशीनच्या ऑक्झिलरी लाइनला, म्हणजे पुढे लावलेलं अवजार फिरवणाऱ्या हायड्रॉलिक तेलाच्या नळीला, मिनिटाला किती लिटर तेल येतं? ऑफिसमधल्या माणसाचं उत्तर ठरलेलं, "सर, युनिव्हर्सल प्लेट आहे, सगळं बसतं." अहो बसतं हो, पण बसलेलं फिरायला नको का? प्लेट जुळली म्हणजे फक्त अडकवता येतं, ड्रम फिरतो तो तेलाच्या जोरावर. साध्या मशीनला मिनिटाला साधारण ६० ते ९० लिटर तेलाचा फ्लो असतो, हाय फ्लोला शंभरच्या वर, काहींना दीडशेपर्यंत. हिशोब सोपा आहे, मिनिटाचे लिटर गुणिले बार (तेलाचं प्रेशर), भागिले ६००, की किलोवॅट निघतात. २१० बारला ७५ लिटर म्हणजे जेमतेम २६ किलोवॅट, १२० लिटर असेल तर ४२. हाय फ्लोचा मल्चर कमी तेलावर लावला की ड्रम रेंगाळतो, बुंध्याला लागला की थांबतो, तेल तापत राहतं, आणि भाड्याचं मीटर मात्र पळत असतं. उलटही वाईटच, कमी फ्लोच्या अटॅचमेंटला (पुढे लावायच्या अवजाराला) जास्त तेल दिलं तर मोटरची सील जाते आणि बिल आपल्या नावावर.

मग त्याने ब्रोशर पाठवलं. त्यात हाय फ्लोचा आकडा होता, पण आकड्याच्या डोक्यावर बारीक चांदणी आणि पानाच्या तळाशी त्याहून बारीक अक्षरात "ऑप्शनल". म्हटलं, तुमच्या यार्डात उभ्या असलेल्या मशीनवर ते ऑप्शन घेतलंय का? "बघून सांगतो सर." मी फोटो मागितला तर आधी मशीनचा बाजूने फोटो आला, चकाचक धुतलेलं, मग सीटचा. मी पुन्हा लिहिलं, हाताच्या टोकाला होज जोडतात तिथला फोटो द्या, कपलर दिसले पाहिजेत. मी घेणार होतो त्या मल्चरला दोन मोठे होज आणि शेजारी तिसरा बारीक, तो केस ड्रेन, मोटरमधलं गळतीचं तेल टाकीत परत नेणारा. फोटो आला त्यात मोठे दोनच कपलर, तिसऱ्याची जागा रिकामी. एवढ्यावर मशीन बदला म्हटलं तर म्हणे बुकिंग झालंय. शेवटी मी कोटेशनवरच लिहून मागितलं की अमुक मॉडेल, अमुक फ्लो, केस ड्रेनसकट, नाहीतर भाडं नाही. लिहून द्यायची वेळ आली तेव्हा कुठे त्यांचा मेकॅनिक फोनवर आला आणि त्याने पाच मिनिटांत सांगितलं की हे नाही चालणार, दुसरं येतंय ते द्या. हाच माणूस पहिल्या दिवशी फोनवर दिला असता तर! तेव्हा ऑफिसशी वाद घालू नका, थेट मेकॅनिक मागा. इलेक्ट्रिकच्या प्लगच्या पिना जुळतात का हेही त्यालाच विचारा.

आता बाकीचं, आठवेल तसं. मल्चर लावणार असाल तर दाराला साधी काच नको, जाड पॉलिकार्बोनेटचं दार मागा, लाकडाचे तुकडे गोळीसारखे उडतात. रुंदी मोजताना टायरची नाही, बकेटची मोजा, बकेट बहुधा टायरच्या बाहेर येते. ट्रक भरायचा असेल तर व्हर्टिकल लिफ्ट घ्या, म्हणजे हात जवळजवळ सरळ वर जाणारं मशीन, वरपर्यंत नेलं तरी पोहोच टिकते. खणायचं काम जास्त असेल तर रेडियल, म्हणजे हात कमानीत वर जाणारा, बरा.

वजनाचा आकडा वाचताना चाकाची आणि ट्रॅकची मशीन सरळ शेजारी ठेवू नका. चाकवालीची रेटिंग (उचलायला ठरवलेलं वजन) टिपिंग लोडच्या, म्हणजे ज्या वजनाला मशीन पुढे कलंडतं त्याच्या, ५० टक्के धरतात, ट्रॅकवालीची बरेचदा ३५ टक्के, त्यामुळे आधी टिपिंग लोड विचारा. चिखल असेल तर ट्रॅक, पण फरशी-काँक्रीटवर चाकंच बरी, आणि वळताना चाकं घासत वळतात म्हणून चांगल्या फरशीवर जागच्या जागी फिरवू देऊ नका.

हो, आणि अटॅचमेंट काढण्याआधी इंजिन बंद करून लाइनमधलं प्रेशर सोडायला सांगा, ऑपरेटर घाईत विसरतात आणि मग कपलर हलता हलत नाहीत.