जांभळं टोपण, लाल टोपण

"दवाखान्यात काम करायला कोणाकोणाला आवडेल?" असं विचारल्यावर अकरा हात वर आले. काय म्हणून, असं विचारलं तर दहाजणांनी डॉक्टर सांगितलं. एकटी पोरगी म्हणाली "सिस्टर", आणि मागचा बाक फिसकन हसला.

शनिवारची सकाळची शाळा. कर्नाटकातल्या, बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातलं मराठी हायस्कूल, मी शिकले तेच. तेव्हा बाबा कौलांच्या कारखान्यात होते आणि दवाखाना म्हटलं की मलाही फक्त डॉक्टरच दिसायचे. आज बेळगावात एका दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढायला लागून मला एकोणीस वर्षं झाली. वर्षातून दोनतीनदा सर बोलावतात. या खेपेला त्यांनी फळ्यावर रंगीत खडूनं 'करिअर मार्गदर्शन' लिहून ठेवलं होतं. मी त्याखाली लिहिलं, 'यल्लप्पा', आणि म्हटलं, हे नाव वहीत इंग्रजीत लिहा.

एकतीस पोरं, सात स्पेलिंगं. कोणाचं वाय-ए, कोणाचं वाय-ई, कोणाचा एल एकच, एका बहाद्दराचा पी तीनदा. पोरं एकमेकांच्या वह्या बघून हसत सुटली. मग मी सांगितलं, की आमच्याकडं चिठ्ठीवर एक स्पेलिंग असतं, आधारवर दुसरं, आणि त्याच दिवशी वॉर्डात दुसरा एक यल्लप्पा ॲडमिट असतो. एकाच्या ट्यूबवर दुसऱ्याचं लेबल लागलं तर पुढं काय होईल ते तुम्हीच सांगा. हसणं थांबलं. म्हणून आम्ही नाव, वय आणि नंबर तिन्ही बघतो. आणि पेशंटला "तुम्ही यल्लप्पा का?" असं कधी विचारायचं नाही. घाबरलेला म्हातारा कशालाही मान हलवतो. "तुमचं नाव काय?" असं विचारायचं आणि त्याच्या तोंडून येऊ द्यायचं.

मग पर्समधल्या रिकाम्या ट्यूबा वाटल्या. निळं टोपण रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायला, आणि ती रेघेपर्यंत भरलीच पाहिजे. करडं साखरेसाठी, कारण नुसत्या ट्यूबेत ठेवलं तर रक्तातल्या पेशीच साखर खात बसतात आणि रिपोर्ट खाली येतो. जांभळं पेशी मोजायला. लाल साधी. पोरांना रंग फार आवडले. इथं मी माझी फजिती सांगते, दरवेळी सांगते.

ट्रेनिंगला होते. एका आजोबांची शीर सापडेना. कसंबसं रक्त आलं, पण लाल ट्यूबेत कमी पडलं आणि जांभळीत जरा जास्त होतं. मी शहाणपणा केला, जांभळीतलं थोडं लालमध्ये ओतलं. तासाभरानं आमच्या सिनियर मॅडमनी कागद पुढ्यात टाकला. पोटॅशियम १४. साडेतीन ते पाच असायला हवं. कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मॅडम म्हणाल्या, "तुझे आजोबा बाहेर बाकावर चहा पिताहेत, आणि या कागदावर त्यांचं हृदय बंद पडलंय." जांभळ्या ट्यूबेत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियमचं मीठ असतं, ईडीटीए म्हणतात, ते कॅल्शियमला धरून ठेवतं. मी ते सगळं आजोबांच्या रिपोर्टात ओतलं होतं.

"मग तुम्हाला काढून टाकलं की काय ओ?" एकानं विचारलं. काढून टाकलं असतं तर बरं. परत रक्त काढायला मलाच पाठवलं. काय झालं ते आजोबांना सांगून.

कोर्सचं थोडक्यात सांगितलं. मी पीयूसी, म्हणजे बारावी, सायन्स करून डीएमएलटी केलं, लॅबचा दोन वर्षांचा डिप्लोमा. माझ्या मैत्रिणीनं दहावीवरून केलं, तिला तीन लागली. नर्सिंगचा डिप्लोमा जीएनएम तीन वर्षं, बीएस्सी नर्सिंग चार. एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, डोळ्यांची तपासणी, प्रत्येकाला वेगळं शिकलेलं माणूस लागतं. ही नावं ऐकून पोरं चकित झाली, डायलिसिसचं मशीन डॉक्टरच लावतात असं त्यांना वाटत होतं. ज्यावर जास्त वेळ घालवला ती गोष्ट वेगळी. माझ्या चुलत बहिणीच्या मुलीनं 'सहा महिन्यांत लॅब टेक्निशियन' अशी पाटी बघून पैसे भरले. फ्रेम केलेलं सर्टिफिकेट मिळालं, ते कोणी विचारत नाही. २०२१ च्या केंद्राच्या कायद्यानं अशा कामांच्या डिप्लोमाला किमान २००० तास ठरवलेत, काही कामांच्या पदवीला ३६००. सहा महिन्यांत २००० तास बसतात का, गणित करा म्हटलं. मागच्या बाकानं केलं. रविवार धरून रोजचे अकरा तास! फी भरण्याआधी पॅरामेडिकल बोर्डाची मान्यता आहे का, हे कागदावर दाखवा म्हणायचं. लाजायचं नाही.

ज्यांना डॉक्टरच व्हायचंय त्यांनाही खरं ते सांगितलं. नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा पेपर मराठीत असतो, पण तो महाराष्ट्रातल्याच सेंटरवर मिळतो. बेळगावात बसलात तर मराठी नाही. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात वैद्यकीयच्या काही जागा असतात, त्याचे दाखले आधीपासून जमवायला लागा. दहावीनंतर सायन्स इंग्रजीतच. मी पहिले तीन महिने वहीच्या समासात 'सेल म्हणजे पेशी, किडनी म्हणजे मूत्रपिंड' असं लिहून काढले. किडनी तर आईलासुद्धा माहीत होती, मला मूत्रपिंडच पाठ होतं!

खरी भीती मात्र कन्नडची. शाळेत कन्नड म्हणजे पास होण्यापुरती. आमच्या खिडकीपुढं गोकाकची माणसं असतात, अथणीची, चंदगडची, उर्दू बोलणारी. मी फळ्यावर लिहिलं, 'एल्लि त्रास ऐतरी?' म्हणजे कुठं त्रास होतोय, आणि 'चक्कर बरतैतेनरी?' म्हणजे चक्कर येते का. सगळ्यांनी प्रार्थनेसारखं म्हटलं.

"हे तर मराठीच की ओ मॅडम," 'सिस्टर'वाली पोरगी म्हणाली.

अर्धं आहेच. त्रास तोच, चक्कर तीच. भाषेवरून आमच्याकडं रस्त्यावर काय काय होतं ते मी सांगायला नको, माझंही मत आहे आणि ते इथं लिहिणार नाही. पण सुई टोचली की माणूस आपल्याच भाषेत ओरडतो. तेव्हा कोणीतरी "आतरी, आत" म्हणावं लागतं, झालं हो झालं. हे तीनचार भाषांत म्हणता येणारं माणूस आम्हाला शोधून सापडत नाही, आणि इथं तशी एकतीस बसली होती. त्यांना वाटतं आपल्याला एकही भाषा धड येत नाही.

सोमवारी खिडकीवर तीच पोरगी उभी. आजीला साखर तपासायला घेऊन आलेली, उपाशीपोटी, पहिल्या गाडीनं. मागं बारा माणसं. मी आजीला नाव विचारलं, आजीनं सांगितलं, करड्या ट्यूबवर लेबल चिकटवलं आणि आजीचा हात धरला.

"मॅडम," पोरगी म्हणाली, "चिठ्ठीवर वय बासष्ट आहे, तुमच्यावर सव्वीस आलंय."

सव्वीसच होतं. मी लेबल काढलं, नवीन छापायला घेतलं. मागनं कोणीतरी ओरडलं, "लगू माडरी!" लवकर करा. एक मिनिट थांबा, हे पोरगीनंच वळून सांगितलं, "ओंद निमिष तडीरी."