दुसरा ऑक्टोबर

ऑक्टोबर लागला की जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या जुन्या गावात फरसबंदीवरून बॅगांची चाकं खडखडत जातात. खिडकीत अभ्यासाला बसलं तरी कळतं, स्टेशनवरून आणखी कुणीतरी नवीन आलं. मागच्या वर्षी तो आवाज माझ्या बॅगेचा होता. यंदा तो ऐकला की मी उठून खाली बघते.

इथे कुणी फर्स्ट इयर, सेकंड इयर म्हणत नाही. कितवं सेमिस्टर, एवढंच विचारतात. मी गणितात मास्टर्स करते आणि हे माझं तिसरं. हिवाळी सेमिस्टर कागदोपत्री १ ऑक्टोबरला सुरू होतं आणि ३१ मार्चला संपतं, पण तास सुरू व्हायला ऑक्टोबर अर्धा सरतो. मधले दिवस नव्यांचे. त्यांना ‘एर्स्टी’ म्हणतात. विभागातल्याच विद्यार्थ्यांची समिती, म्हणजे ‘फाखशाफ्ट’, त्यांना इमारती दाखवते, वेळापत्रक आखायला मदत करते. जुन्यांना कुणी हाताला धरत नाही. पुढच्या सेमिस्टरचे पैसे मुदतीत भरून नाव चालू ठेवायचं, याला ‘र्‍युकमेल्डुंग’ म्हणतात, आणि ती आपली आपण लक्षात ठेवायची. विसरलात तर विद्यापीठातून नाव कमी होऊ शकतं. परीक्षेचंही तसंच. विषयाला बसलात म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं नाही, ते वेगळं नोंदवावं लागतं. पुढच्या वर्षी येणाऱ्यांनी ह्या दोन तारखा आल्या आल्या भिंतीवर लावाव्यात.

माझा पहिला तास १० वाजताचा होता. मी पावणेदहाला जाऊन बसले. दहा वाजले तरी सभागृहात मी एकटीच. चुकीच्या इमारतीत आले असं वाटून पाय कापायला लागले होते. मग पाच-दहा मिनिटांत सगळे आले आणि सव्वादहाला प्राध्यापकांनी खडू उचलला. वेळेपुढे ‘सी. टी.’ लिहिलं असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, ही जुनी प्रथा आहे. तास संपल्यावर सगळ्यांनी बोटांची पेरं बाकांवर ठकठक वाजवली. टाळ्यांऐवजी हे. मला तो आवाज फार आवडतो, आजही.

पण मला सांगायचंय ते त्सेटलबद्दल. त्सेटल म्हणजे दर आठवड्याला मिळणारा गणितांचा कागद. चार-पाच प्रश्न, आठवड्याभरात सोडवून द्यायचे. कुणीतरी ते तपासतं, आणि छोट्या गटाच्या तासाला फळ्यावर त्यांची चर्चा होते. सेमिस्टरभरात साधारण निम्मे गुण मिळाले तरच परीक्षेला बसता येतं. इथे ९ क्रेडिटच्या विषयाला २७० तासांचं काम धरलेलं असतं आणि त्यातले वर्गातले फक्त ८४. उरलेले जवळजवळ सगळे त्सेटलमध्ये जातात. व्याख्यान ऐकून वाटतं कळलं. त्सेटल हातात आला की कळतं, काय कळलं नव्हतं ते.

एका त्सेटलवर दोघांची नावं चालतात. किंबहुना तीच अपेक्षा असते. पहिल्या दिवशी प्राध्यापक म्हणाले, जोडीदार शोधा, आणि सगळे एकमेकांकडे वळले. बहुतेकांनी बॅचलर्स इथेच एकत्र केलेलं. माझ्याकडे कुणी वळलं नाही आणि मीही कुणाच्या खांद्यावर हात ठेवला नाही. लहानपणापासून शेजारच्याच्या वहीत डोकावणं म्हणजे कॉपी, हे इतकं मुरलेलं होतं की दोघांनी मिळून गणित सोडवणं मला प्रामाणिकच वाटेना. मी एकटी रात्री जागून अर्धवट उत्तरं देत राहिले. नाताळच्या सुट्टीपर्यंत माझे ३१ टक्के झाले होते. पुढे गाडी निम्म्यापर्यंत गेलीच नाही, आणि त्या विषयाच्या परीक्षेला मला बसता आलं नाही. हे मी घरी तेव्हा सांगितलं नव्हतं. आई, आज वाचशील.

जानेवारीत ग्रंथालयात समोर बसलेल्या मुलीनं विचारलं, तू कितव्या प्रश्नावर आहेस? तिचाही तिसराच अडला होता. आम्ही बाहेर जिन्यात जाऊन बसलो. मी माझी सिद्धता तिला सांगायला लागले आणि तिसऱ्याच वाक्याला थांबले, कारण बोलता बोलता माझी चूक मलाच ऐकू आली. चार रात्री वहीत ती दिसली नव्हती. उन्हाळ्यात मी तोच विषय पुन्हा धरला, ह्या वेळी आम्ही तिघी मिळून, आणि १.७ मिळाले. इथे १.० सर्वांत वरचा आणि ४.० म्हणजे जेमतेम पास, त्यामुळे अभिनंदन करायला हरकत नाही.

आमची गणिताची इमारत १९२९ सालची. वरच्या काचेच्या कपाटांत प्लास्टरची, दोऱ्यांची जुनी गणिती मॉडेल्स मांडलेली आहेत. त्यांच्याजवळून जाताना मला गणितज्ञ एमी न्योथर आठवते. ती १९१५ मध्ये ह्या गावात आली. बाई म्हणून तिला शिकवण्याचा अधिकार नव्हता, म्हणून तिची व्याख्यानं इथलेच गणिताचे प्राध्यापक हिल्बर्ट यांच्या नावानं जाहीर व्हायची. तो अधिकार तिला १९१९ मध्ये मिळाला. १९३३ मध्ये नाझींनी ज्यू म्हणून तिला काढून टाकलं, तेव्हा मुलं तिच्या घरी जमू लागली. गणित ती बोलत, मुलांबरोबर लांब चालत जात करायची असं तिच्याबद्दल वाचलं, तेव्हा तो ग्रंथालयाचा जिना डोळ्यांसमोर आला.

यंदा मी स्वतः त्सेटल तपासते. विद्यापीठातलं विद्यार्थी-सहायकाचं हे काम आहे. आपल्या व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, पण असलं विद्यापीठातलं काम त्यात धरत नाहीत, हेही इच्छुकांनी लक्षात ठेवावं. पैशांपेक्षा मला ते लाल पेन हवं होतं. मागच्या वर्षी माझ्या कोऱ्या जागांवर कुणीतरी दर आठवड्याला फक्त शून्य लिहीत गेलं. मी शून्याशेजारी एक ओळ लिहायची ठरवलंय: कुठपर्यंत बरोबर आलं होतं ते.

परवा पहिला गठ्ठा आला. एकवीस त्सेटल. वीसांवर दोन-दोन नावं, नीट एकाखाली एक. एकावर एकच. अक्षर बारीक, पहिला प्रश्न सुरेख सोडवलेला, दुसरा मध्येच तुटलेला, तिसऱ्यात नुसती व्याख्या लिहून रेघ मारलेली. चौथा कोराच.

गुण दिले. कुठपर्यंत बरोबर होतं ते लिहिलं. मग पान उलटून मागे पेन्सिलीनं लिहिलं: मंगळवारी चार वाजता आम्ही ग्रंथालयाच्या जिन्यात बसतो. ह्या आठवड्यात ये.