तीन आठवडे उभी राहिलेली बॉक्स्टर आणि मिलिअँपचा हिशेब

बॅटरी पुढच्या डिकीत, आणि ती डिकी उघडायला त्याच बॅटरीची वीज लागते. पोर्शे बॉक्स्टरच्या ९८७ पिढीतली गाडी पूर्ण मुकी झाली की पहिला पेच हा असतो. या गाडीत इंजिन सीटच्या मागे असतं. पुढच्या बॉनेटखाली सामानाची जागा आणि काचेच्या पायथ्याशी बॅटरी. बॉनेटचं कुलूप विजेवर चालतं, म्हणजे जंप केबल हातात असली तरी ती लावायची जागाच बंद. तरीही हे सगळं घरच्या घरी सुटतं. मला ते कसं सुटलं आणि त्यामागचं खरं कारण कुठे सापडलं, ते सविस्तर लिहितो.

आम्ही स्टुटगार्टजवळ राहतो. गणपतीला पुण्याला गेलो तेव्हा गाडी इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये उभी होती. परत आल्यावर रिमोट दाबला तर गाडीने डोळाही मिचकावला नाही. टिकटिक नाही, डॅशवर दिवा नाही. इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. सेल मारल्यावर नुसता टक असा आवाज आला तर संशय स्टार्टरवर, अर्थिंगवर किंवा अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर जातो. इंजिन जोरात फिरतंय पण पेटत नाही, तर इंधन, स्पार्क किंवा चावी ओळखणारी यंत्रणा तपासायची. काहीच होत नसेल तर सगळ्यात आधी बॅटरी. जर्मनीतल्या एडीएसी या वाहनचालकांच्या संघटनेच्या आकडेवारीतही रस्त्यात गाडी बंद पडण्याचं पहिलं कारण वर्षानुवर्षे बॅटरी हेच आहे.

पुण्याला फोनवर सांगितलं तर भाऊ लगेच म्हणाला, "अरे, धक्का मार की, सेकंड गिअरला सुरू होईल." जुन्या गाड्यांना ते जमायचं. इंजेक्शनवाल्या गाडीत इंधनाचा पंप, इंजिनचा कंट्रोलर आणि चावीची ओळख हे सगळं विजेवर चालतं. बॅटरी अगदी कोरडी असेल तर कितीही ढकला, इंजिन पेटणार नाही.

रिमोटच्या आत असलेल्या धातूच्या चावीने ड्रायव्हरचा दरवाजा उघडता येतो. पण हळू. या दरवाजांना वर चौकट नाही. एरवी हँडल ओढलं की काच थोडी खाली सरकते आणि मग दरवाजा छतापासून सुटतो. वीज नसली की काच जागची हलत नाही. हिसका दिला तर रबराचं सील फाटण्याची भीती. काचेला हाताने किंचित आत दाबून, सावकाश दरवाजा मोकळा केला. आणि मग काम होईपर्यंत तो पूर्ण लावला नाही.

ड्रायव्हरच्या पायाशी, डाव्या बाजूला फ्यूज बॉक्स आहे. त्यात एक लाल पिन आहे, ती प्लास्टिकच्या चिमट्याने बाहेर ओढता येते. बाहेरच्या बॅटरीचा पॉझिटिव्ह या पिनेला आणि निगेटिव्ह दरवाजाच्या चौकटीवरच्या धातूच्या कडीला लावला की गाडीत बॉनेट उघडण्यापुरती वीज येते. पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह नंतर. काढताना उलट. मी संगणकाच्या यूपीएसमधली १२ व्होल्टची, ७ अँपिअर-तासाची (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) छोटी बॅटरी वापरली आणि ती पुरली. लिथियमचे काही जंप पॅक समोर अजिबात व्होल्टेज दिसलं नाही तर वीजच सोडत नाहीत, त्यामुळे साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी इथे बरी.

निगेटिव्ह टेकवताक्षणी अलार्मचा हॉर्न वाजणार, हे धरूनच चालायचं. म्हणून मी शनिवारची सकाळ निवडली. रविवारच्या शांततेत तळघरात हॉर्न घुमवणं इथल्या शेजाऱ्यांना मुळीच खपत नाही. रिमोटचं बटण दाबून धरलं, हॉर्न थांबला, बॉनेट टक करून सुटलं. या पिनेवरून इंजिन सुरू करायचा किंवा बॅटरी चार्ज करायचा प्रयत्न मात्र करू नये. ती वायर तेवढ्या करंटसाठी नाही.

बॅटरीवर मीटर लावला तर ५ व्होल्टच्याही खाली. स्वस्थ, पूर्ण भरलेली बॅटरी विश्रांतीत १२.६ च्या पुढे असते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ती काढून घरी आणली आणि कमी करंटवर सावकाश चार्ज केली. जवळच्या एका गॅरेजमध्ये विचारलं तर उत्तर ठरलेलं: "नवीन टाका." कोल्हापूरचा एक मित्र इथेच बॅटरीच्या चाचण्या करणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. तो म्हणाला, "बदलायची घाई कशाला करतोस भावा? आधी मोज की."

मोजली. चार्ज करून रात्रभर ठेवल्यावर १२.७. गाडीत बसवून सेल मारला तेव्हा व्होल्टेज १०.३ पर्यंत उतरलं. ते साडेनऊच्या खाली गेलं असतं तर बॅटरी थकली असं धरलं असतं. इंजिन सुरू झाल्यावर १४.१, म्हणजे चालत्या इंजिनवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही ठणठणीत. सेल मारताना बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनच्या ब्लॉकपर्यंत जेमतेम ०.१ व्होल्टचा फरक, म्हणजे अर्थिंग चांगलं. मग बॅटरी उतरली कशामुळे?

इथेच हिशेब मांडावा लागतो. गाडी बंद असली तरी अलार्म, रिमोटचा रिसीव्हर, घड्याळ थोडी वीज खातात. ४० मिलिअँप (मिलिअँप म्हणजे अँपिअरचा हजारावा भाग) धरले तर दिवसाला साधारण १ अँपिअर-तास, तीन आठवड्यांत २० किंवा २१. माझी बॅटरी ७० ची. म्हणजे तीन आठवड्यांनी दोन तृतीयांशाहून जास्त शिल्लक राहायला हवी होती आणि गाडी पहिल्या सेलला सुरू व्हायला हवी होती. कोणीतरी चोरून वीज पीत होतं, एवढं कागदावरच सिद्ध झालं. "गाडी वापरली नाही, म्हणून बॅटरी गेली" हे उत्तर मला तेव्हापासून पुरत नाही.

आधी इंजिनच्या बाजूला टॉर्च मारून वायरी पाहिल्या. इथे मुंगसासारखा दिसणारा मार्टेन नावाचा प्राणी गाड्यांच्या वायरी कुरतडतो. ते इतकं नेहमीचं आहे की विम्यातही त्याची तरतूद असते. पुण्यात उंदरांचं जे, तेच इथे त्याचं. पण वायरी शाबूत होत्या.

मग डीसी क्लॅम्प मीटर आणला, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा. वायरमनकडे असतो तो साधा क्लॅम्प बहुतेक वेळा फक्त एसी मोजतो. त्यावर इथे शून्यच दिसेल आणि तुम्ही निर्धास्त व्हाल. मोजताना गाडीला ती बंद आहे असं वाटायला हवं. बॉनेट आणि दरवाजा उघडे ठेवायचे, पण त्यांची कुलपं स्क्रूड्रायव्हरने फिरवून 'लागलेल्या' स्थितीत आणायची, मग रिमोटने गाडी लॉक करायची. नंतर बॉनेट खाली पाडण्याआधी कुलूप रिमोटने पुन्हा मोकळं केलंच पाहिजे, नाहीतर ते वाकतं.

लॉक केल्याबरोबर मीटरवर काही अँपिअर दिसले. घाबरायचं नाही. गाडीतले कंट्रोलर एकेक करून झोपी जातात, त्याला अर्धा तास सहज लागतो. मी पाऊण तास थांबलो. आकडा उतरत उतरत ३८० मिलिअँपवर आला आणि तिथेच बसला. म्हणजे दिवसाला ९ अँपिअर-तास. आठवडाभरात ७० ची बॅटरी संपते.

यापुढची युक्ती मला फार आवडते. एकेक फ्यूज उपटून पाहायची पद्धत सगळ्यांना माहीत आहे. पण फ्यूज काढला-घातला की झोपलेले कंट्रोलर पुन्हा जागे होतात आणि आकडे भरकटतात. त्याऐवजी फ्यूज जागच्या जागी ठेवून त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या टोकांवर मीटर मिलिव्होल्टमध्ये लावायचा. फ्यूजलाही थोडा रेझिस्टन्स असतो. करंट वाहत नसेल तर ०.०, वाहत असेल तर बारीकसा आकडा. ओळीने शून्य, शून्य, शून्य, आणि ऑडिओच्या १० अँपिअरच्या फ्यूजवर पावणेतीन मिलिव्होल्ट. त्या क्षणी झालेला आनंद शब्दांत सांगणं कठीण आहे.

गाडी मी वापरलेली घेतली होती. आधीच्या मालकाने कुठल्याशा दुकानातून ब्लूटूथचा जादा डबा रेडिओमागे बसवून घेतला होता. जर्मन वायरिंगमध्ये प्रत्येक टोकाला डीआयएन ७२५५२ या मानकाप्रमाणे क्रमांक असतो. ३० म्हणजे बॅटरीतून कायम येणारी वीज, १५ म्हणजे चावी फिरवल्यावर येणारी. डब्याची लाल वायर ३० ला जोडलेली होती आणि त्याला झोपायचं कसं हे ठाऊकच नव्हतं. रोज गाडी चालवली तर अल्टरनेटर ती तूट भरून काढतो, म्हणून उन्हाळाभर काही कळलं नाही.

रेडिओ बाहेर काढला, वायर १५ वर आणली, वेगळा छोटा फ्यूज टाकला, जोड नीट सोल्डर करून झाकला. पुन्हा लॉक, पुन्हा पाऊण तास. मीटरवर ३० मिलिअँप. बॅटरी काढून लावल्यामुळे काचांची वरची हद्द गाडी विसरली होती. काच वर नेऊन बटण थोडा वेळ धरून ठेवलं की ती पुन्हा शिकते.

आता ऑक्टोबरअखेरपासून गाडी पाच महिने उभी राहील, कारण माझी नंबरप्लेट मोसमी आहे, ०४ ते १० या महिन्यांपुरती. ३० मिलिअँपसुद्धा एवढ्या काळात ७० ची बॅटरी संपवतात, आणि तळघरात चार्जर लावायला प्लग नाही. त्यामुळे बॅटरी काढून घरी ठेवणार, अधूनमधून चार्जर लावणार, आणि बॉनेट पूर्ण न दाबता नुसतं टेकवून ठेवणार. यूपीएसची छोटी बॅटरी मात्र गाडीत नाही, घराच्या कपाटात.