डावीकडचा कोण, उजवीकडचा कोण

संगणकाला आपलं टेबल दिसत नाही. ही गोष्ट दोन मॉनिटर जोडायला बसल्याशिवाय डोक्यात शिरत नाही.

इंदूरला लोकमान्य नगरात आमचे काका जीएसटीची कामं करतात. महिन्याच्या 14 तारखेला पोर्टलवर टू-बी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांची यादी) येतं, 20 तारखेला थ्री-बी (महिन्याचं विवरणपत्र) भरायचं, आणि मधल्या दिवसांत व्यापाऱ्याच्या खरेदीखात्यातलं एकेक बिल टू-बीशी ताडून पाहायचं. एकाच पडद्यावर हे करायचं तर दर बिलाला खिडकी बदला, आणि ती बदलेपर्यंत आकडा विसरा. म्हणून काकांनी 24 इंची नव्या मॉनिटरशेजारी माळ्यावरचा 19 इंची आणून ठेवला आणि मला बोलावलं. ‘‘अगं, आधी पोहे खा, मग बघ याच्याकडे.’’ पोह्यांवर सेव आणि जिरावन मसाला असल्यावर नाही कोण म्हणणार!

जुन्यावर ‘नो सिग्नल’ आलं होतं. काकांच्या मते मॉनिटर गेला. पण ती पाटी मॉनिटर स्वतःच लावतो, म्हणजे तो धडधाकट असतो. त्याच्याकडे काही येत नाही एवढंच. कॅबिनेटच्या पाठीमागे दोन वस्त्या असतात. वरच्या उभ्या पट्टीतले पोर्ट, म्हणजे केबल खुपसायच्या जागा, मदरबोर्डचे, खालच्या आडव्या पट्टीतले ग्राफिक्स कार्डाचे, म्हणजे पडद्यासाठी चित्र बनवणाऱ्या वेगळ्या पाटीचे. कार्ड बसवलं की बऱ्याच बोर्डांवर वरची वस्ती आपोआप बंद पडते, आणि जुन्याची केबल नेमकी तिथेच. ती वस्ती बायोसमधून (संगणक चालू होतानाच्या मूळ सेटिंग्जमधून) सुरू करता येते, पण प्रोसेसरमध्ये मुळात ग्राफिक्सच नसेल तर तेही नाही. दोन्ही केबली कार्डाला लावणं उत्तम.

जुन्या मॉनिटरची केबल व्हीजीएची, आणि कार्डाला व्हीजीए नव्हतं. आयबीएमने 1987 साली आणलेला हा 15 पिनांचा पोर्ट नव्या कार्डांवरून गेलाच आहे. जेल रोडवर कन्व्हर्टर घेताना दुकानदाराने बजावलं, ‘‘दीदी, ये उलटा नहीं चलेगा.’’ खरंच आहे ते. एचडीएमआयचं (हल्लीच्या पोर्टचं) व्हीजीए करणारा वेगळा आणि व्हीजीएचं एचडीएमआय करणारा वेगळा. दिसायला मात्र जुळे भाऊ.

चित्र आलं, पण फुगलेलं, अक्षरं बसकी. मॉनिटर केबलीतून आपली ओळख सांगतो: कोणत्या कंपनीचा, किती ठिपक्यांचा. व्हीजीएत हे काम 12 आणि 15 क्रमांकाच्या पिना करतात. तिसऱ्या रांगेतली टोकाची, म्हणजे पंधरावी, आडवी झोपली होती. रंगांच्या पिना शाबूत, म्हणून चित्र येत होतं. ओळख पोचत नव्हती, म्हणून संगणक अंदाजाने काहीतरी पाठवत होता. काकूंच्या चिमट्याने ती हळूच उभी केली. (नववी पिन कित्येक केबलींत नसतेच, तुटली म्हणून घाबरू नये.)

एवढी ओळख सांगणारा मॉनिटर आपण कुठे बसलोय ते मात्र सांगत नाही. जुना काकांच्या डावीकडे, आणि संगणकाने त्याला उजवीकडे गृहीत धरलेलं. माउसचा बाण डावीकडे न्यावा तर काठाला आपटून थांबे. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये 1 आणि 2 लिहिलेले चौकोन असतात. त्यातला जुन्याचा चौकोन माउसने ओढून डावीकडे ठेवला.

तरी तळाशी बाण अडतच होता. नवा ठिपक्यांच्या 1080 ओळींचा, जुना 900 चा, आणि दोघांच्या वरच्या कडा एका रेषेत. साहजिकच नव्याच्या खालच्या 180 ओळींना शेजारीच नव्हता. टेबलावर मॉनिटरांच्या खालच्या कडा एका रेषेत होत्या, म्हणून चौकोनही तसाच खाली सरकवला. इंच आणि ओळी यांचं नातं सरळ नसतं, त्यामुळे बाण ओलांडताना किंचित वर-खाली उडी मारतो, ती मारू द्यावी.

एकदा काकांनी जुना मॉनिटर बटणाने बंद केला आणि त्यावरची टॅलीची, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरची, खिडकी दिसेनाशी झाली. संगणकाच्या लेखी पडदा जागेवरच होता आणि खिडकी त्यावर. ऑल्ट-टॅबने ती निवडून विंडोज, शिफ्ट आणि बाणाची कळ एकत्र दाबली की ती शेजारच्या पडद्यावर येते.

राहता राहिला रंग. जुन्याचा पांढरा पिवळट दिसतो. त्याच्या मेनूत शिरून मी तो निवळवत होते, तोवर काकांनी बिलं ताडायला सुरुवातही केली. ‘‘राहू दे गं, तफावत पिवळ्यावरही दिसते.’’