कोकुचोची घंटा

टोकियोत कोदेनमाचो स्टेशनाजवळच्या एका साध्या हॉटेलात मी आठवडाभर राहिले. खोली एवढीशी की बॅग उघडली तर चालायला जागा नाही, आणि चालायचं असेल तर बॅग मिटवायची. पण उशाशी घडी घातलेला युकाता, चहाची किटली, सपाता, सगळं जिथल्या तिथे. खिडकी मात्र वीतभरच उघडायची. तेवढ्या फटीतून खाली एक छोटी बाग दिसे, आणि बागेत काँक्रीटच्या मनोऱ्यात टांगलेली एक घंटा.

इतवारी-बुधवारीत वाढलेल्या मला पेठांच्या नावांची भारी हौस. कोदेनमाचो म्हणजे डाकेच्या घोड्यांची पेठ, शेजारचं बाकुरोचो घोड्यांच्या व्यापाऱ्यांचं. घोडे गेले, नावं राहिली. बागेचं नाव जिश्शी. दुपारी ऑफिसातली मंडळी तिथे बाकावर डबा खातात. या जागेवर एदोचा, म्हणजे जुन्या टोकियोचा, तुरुंग होता. शोगुनच्या, म्हणजे जपानच्या लष्करी शासकाच्या, राजवटीला विरोध करणाऱ्या योशिदा शोइन या विचारवंताचा शिरच्छेद इथेच झाला, १८५९ साली.

घंटा मूळची इथली नव्हे, जवळच्याच कोकुचोची. १७११ मध्ये ओतलेली. शहराला वेळ सांगायचं तिचं काम. तुरुंगातल्या शिरच्छेदाची वेळही तिच्यावरच ठरे, आणि त्या दिवशी घंटा वाजवणारा मुद्दाम जरा उशीर करी, असं सांगतात. म्हणून तिला दयेची घंटाही म्हणत. मी रोज सकाळी मोबाइलचा गजर दहा मिनिटं पुढे ढकलत होते, ते मात्र निव्वळ आळसापोटी.

या घंटेच्या शेजारी, कोकुचोत, नागासाकिया नावाची एक खाणावळवजा सराई होती. मालक औषधांचा व्यापारी. नागासाकीजवळच्या देजिमा बेटावरच्या वखारीतले डच शोगुनला मुजरा करायला एदोला येत, ते इथे उतरत. (आपल्या वेंगुर्ल्याला जिची पडकी वखार आहे, तीच ही डच ईस्ट इंडिया कंपनी.) आधी दरवर्षी येत, १७९० पासून चार वर्षांनी एकदा. घंटा अगदी कानाशी, म्हणून एदोतल्या कुणी मिस्किलाने कविता केली: कोकुचोची घंटा पार हॉलंडपर्यंत ऐकू जाते!

पाहुण्यांना मोकळं फिरायची मुभा नव्हती. मग गावच त्यांना बघायला येई. होकुसाईने हे चित्र काढून ठेवलंय: खिडकीत डच, खाली रस्त्यावर माना वर करून उभी माणसं. वैद्य आणि विद्वान आत जाऊन प्रश्नांचा भडिमार करत. १६९१ मध्ये आलेल्या केम्फर या डॉक्टरला तर शोगुनच्या वाड्यात नाचून, गाऊन, दारुड्याचं सोंग करून दाखवावं लागलं. पाहुणचार म्हणायचा की तमाशा, कोण जाणे. पण १८२६ मध्ये देजिमाचाच डॉक्टर सीबोल्ट आला, तेव्हाही वैद्य मंडळी त्याला भेटायला येतच होती.

एका संध्याकाळी मी ती सराई शोधायला निघाले. शिन-निहोन्बाशी स्टेशनाच्या तोंडाशी एक पाटी आहे, बस्स. पाटीपाशी पाच मिनिटं थांबले. आपल्याकडे असं पाटी वाचत उभं राहिलं की कुणीतरी ‘काय शोधताय ताई?’ म्हणून विचारतंच. इथे माणसांचा लोंढा मला वळसा घालून भुयारात उतरत होता. हॉटेलात तर आल्या दिवशी किल्ली यंत्रानेच दिली होती.

शेवटच्या दुपारी बॅग भरून खिडकीशी उभी राहिले. बाकांवर डबे उघडले होते. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान वर केली आणि बराच वेळ इकडेच बघत राहिले. मला बरं वाटलं. मी फटीतून हात हलवला. त्यांनी डोळ्यांवर आडवा तळवा धरला, दोन पावलं सरकले, खिशातून फोन काढला आणि घंटेचा फोटो घेतला.