जुनी गाडी स्लोमध्ये झटके देते? आधी ती कधी झटके देते ते बघा

बाबांची २००२ ची झेन अजून आमच्याकडे आहे. पेट्रोल, ९९३ सीसी, चार सिलिंडर. ती विकायचा विषय घरात कोणी काढत नाही आणि काढूही नये. तर पावसाळा सुरू झाला तसा तिने एक त्रास सुरू केला, हायवेला ६०-७० वर मख्खन, सिग्नलला उभी असली की इंजिनचा आवाजही येत नाही इतकी शांत, पण इथे गोव्यात फोंड्याहून बाणस्तारीकडे जाताना पुढे बस आली, आपण तिसऱ्या गिअरला २५-३० वर आलो आणि परत हळू ॲक्सिलरेटर दाबला की धक धक धक, गाडी पुढे जायचं की नाही असा विचार करतेय असं वाटायचं. क्लच दाबला की सगळं शांत. एसी लावला की जास्त, पाऊस असला की त्याहून जास्त.

ज्याला विचारावं तो एक पार्ट सांगायचा. एक म्हणाला इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) गेले, दुसरा म्हणाला पेट्रोलचा पंप बदल, तिसऱ्याने बॉनेटही न उघडता ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सांगितला. मला याचा खरंच राग येतो. जुन्या गाडीवाल्याकडे पैसे कमी असतात म्हणून तो जुनी गाडी चालवत असतो, त्याला एकामागून एक पार्ट बदलायला लावणं बरोबर नाही. आणि आपल्याकडे गाड्यांना ओबीडीची (स्वतःचे दोष नोंदवणाऱ्या यंत्रणेची) सक्ती झाली ती २०१० नंतर, त्यामुळे बाजारात मिळणारा स्वस्त स्कॅनर या गाड्यांना बहुतेक लागतच नाही. म्हणजे डोकं आणि कान वापरायचे, दुसरा उपाय नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुठला पार्ट गेला हे विचारायच्या आधी त्रास नक्की कधी होतो ते नीट बघा. थंड असताना की गरम झाल्यावर, उभी असताना की ओढताना, कुठल्या गिअरला. त्यावरून अर्धं निदान होतं.

उभी असताना थरथरते, कधी कधी बंद पडते, पण जरा रेस दिली की साफ चालते, असं असेल तर पहिला संशय हवेवर. ॲक्सिलरेटर सोडलेला असतो तेव्हा थ्रॉटल (हवा आत सोडणारी झडप) जवळजवळ बंद असतो आणि मॅनिफोल्डच्या (तिथून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) आत बाहेरच्या हवेच्या साधारण एक तृतीयांश एवढंच प्रेशर असतं, त्यामुळे रबरी पाइपला बारीक चीर जरी असली तरी तिथून हवा जोरात आत ओढली जाते. इंजिनला तेव्हा हवा लागते थोडीशीच, त्यात ही चोरटी हवा म्हणजे बराच मोठा हिस्सा. थ्रॉटल उघडला की तीच चीर कुठल्या कुठे, तिचा काही फरक पडत नाही. जुन्या मारुती एमपीएफआयमध्ये (इंजेक्टरवाल्या इंजिनात) मॅप सेन्सर असतो, तो मॅनिफोल्डमधलं प्रेशर मोजतो, म्हणून त्यांच्यात हवा लीक झाली की बऱ्याचदा आयडलिंग (उभ्या गाडीत इंजिनचा वेग) पडण्याऐवजी वाढतं, नाहीतर वर-खाली होत राहतं. थ्रॉटल बॉडीतला काळा थर आणि अडकणारा आयडल व्हॉल्व्ह हे दोन नेहमीचे, साफ केले की बहुतेक वेळा काम होतं. ब्रेक बूस्टरचा जाड पाइप मात्र विसरू नका. इंजिन बंद करून ब्रेक चार-पाच वेळा दाबा, पेडल कडक होईल, मग पाय दाबून ठेवून स्टार्टर मारा, पेडल थोडं खाली जायला पाहिजे. नाही गेलं तर हा नुसता आयडलिंगचा प्रश्न नाही, ब्रेकचा आहे, त्याच दिवशी दाखवा.

स्पीड वाढला, चढ आला की दम तुटतो, असं असेल तर पेट्रोल पुरत नाही, म्हणजे फिल्टर, पंप. थंड असतानाच त्रास आणि गरम झाल्यावर गायब, तर कूलंट टेम्परेचर सेन्सर आणि त्याचा कनेक्टर बघा, आपल्या खाऱ्या दमट हवेत कनेक्टरच्या पिनांवर हिरवा थर बसतो.

आमची गाडी यातल्या कशातच बसत नव्हती. उभी असताना शांत, वरच्या स्पीडला शांत, फक्त खालच्या आरपीएमवर (इंजिनच्या फेऱ्यांवर) लोड आला की झटके. हे स्पार्कचं लक्षण. कमी आरपीएमवर मोठ्या गिअरला आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा सिलिंडर हवेने जास्त भरतो, आतली हवा जास्त दाबली जाते आणि त्या दाबलेल्या हवेतून ठिणगी उडायला जास्त व्होल्टेज लागतं. त्या व्होल्टेजला बाहेर पडायला सोपी वाट मिळाली की ठिणगी प्लगच्या टोकाला न पडता तिकडून निघून जाते. हायवेला एकसारखं चालवताना पाय हलका असतो, दाब कमी, म्हणून तिथे सगळं ठीक वाटतं.

रात्री पोर्चमध्ये लाइट बंद करून इंजिन चालू ठेवलं आणि प्लग वायरवर लांबून पाण्याचा बारीक फवारा मारला. वायर फुटलेली असेल तर अंधारात निळ्या ठिणग्या दिसतात. (हात अजिबात लावायचा नाही, हजारो व्होल्ट असतात, आणि फॅनपासून लांब राहायचं.) काहीच दिसलं नाही. मल्टिमीटरने वायरी तपासल्या, सगळ्या किलोओममध्ये, लांबीच्या मानाने सारख्याच. मग इंजिन थंड झाल्यावर एकेक वायर ओढून काढली. आमच्या इंजिनात प्लग खोल नळीत बसतात. दुसऱ्या सिलिंडरची वायर बाहेर आली ती ऑइलने माखलेली, खालचं रबर फुगून मऊ पडलेलं. प्लग काढला तर वरच्या पांढऱ्या पोर्सलेनवर उभी बारीक काळी रेघ, पेन्सिलने ओढावी तशी. बोटाने पुसून बघितली, जात नव्हती. करंट त्या रेघेवरून खाली इंजिनच्या धातूत उतरत होता, आणि नळीत असल्यामुळे बाहेरून दिसायचा प्रश्नच नव्हता.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. अशी रेघ प्लगवर असेल तर समोरच्या रबराच्या आतही तसाच जळका डाग असतो. नुसता प्लग बदलला तर जुनं रबर नव्या प्लगवर परत तशीच रेघ पाडतं आणि थोड्या दिवसांत त्रास परत सुरू, मग लोक म्हणतात प्लग बदलूनही काही झालं नाही, आता इंजेक्टर बघूया. प्लग आणि वायर दोन्ही एकदम बदलायचे. आणि ऑइल नळीत आलं कुठून तर वरच्या टॅपेट कव्हरचं गॅस्केट आणि प्लगच्या नळीचे गोल सील कडक झालेले, ते बदलल्याशिवाय नवी वायरही त्याच ऑइलमध्ये बुडणार. आम्ही गॅस्केट, सील, चार प्लग आणि वायरींचा सेट टाकला, बाकी कशालाही हात लावला नाही, नाहीतर नक्की कशाने बरं झालं ते कळत नाही. दुसऱ्या दिवशी भर पावसात, एसी लावून, बाबांना बाजूला बसवून तोच रस्ता, तोच गिअर. एक झटका नाही. बाबा काही बोलले नाहीत, पण परत येताना चावी त्यांनी मागून घेतली.

कार्ब्युरेटरवाल्या (इंजेक्टरऐवजी बारीक जेटमधून पेट्रोल ओढणाऱ्या) मारुती ८०० ज्यांच्याकडे आहेत त्यांच्यासाठी थोडं वेगळं. हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल जळायला पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणजे जुन्या सेटिंगवर मिश्रण पातळ पडतं. एमपीएफआय गाडीत गरम झाल्यावर ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) ते सांभाळून घेतो, कार्ब्युरेटरला सांभाळणारं कोणी नाही, म्हणून हळू ॲक्सिलरेटर दिला की अडखळणं वाढतं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, तेव्हा पावसाळ्यात गाडी टाकी रिकामी ठेवून आठवडेच्या आठवडे उभी करू नका. पेट्रोलचे रबरी पाइप दाबून बघा, मऊ चिकट लागले किंवा वाकवल्यावर भेगा दिसल्या तर आधी ते बदला, पायलट जेट (आयडलिंगचं पेट्रोल देणारं बारीक भोक) आणि ट्युनिंग त्यानंतर.