पवनचक्की, सोलर आणि लिथियम बॅटरी एकत्र चालवताना: माझा अनुभव

आमचं दूध संकलन केंद्र पाटण तालुक्यात, पठारावर आहे. पावसात लाइट गेली की फॅट मशीन, काटा, प्रिंटर सगळं ठप्प, आणि किटल्या घेऊन माणसं ताटकळत उभी. म्हणून २ किलोवॅटची पॅनेल, १ किलोवॅटची छोटी पवनचक्की आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी बसवली. पावसाळ्यात इथे ऊन नसतं, पण वारा उदंड.

जुलैतल्या एका पहाटे केंद्रावरच्या पोराचा फोन आला, "दादा, पंखा लय जोरात फिरतोय." फोनमधूनही घरघर ऐकू येत होती. धावत गेलो. बॅटरीवर लाल दिवा, मीटरवर चार्जिंग शून्य. वारा जरा पडल्यावर ब्रेकचं स्विच टाकलं, तेव्हा पाती थांबली. हातपाय थरथरत होते.

कारण शोधायला आठवडा गेला. बसवणाऱ्याने कंट्रोलर (चार्जिंग सांभाळणारा डबा) लेड-ॲसिडच्याच, म्हणजे जुन्या पद्धतीच्या बॅटरीच्या, सेटिंगवर ठेवला होता. तो ६० व्होल्टपर्यंत चढवायला जायचा, आणि डंप लोड, म्हणजे वाऱ्याची जादा वीज जिरवणारी कॉइल, तीही तिथेच लागायची. आमच्या बॅटरीत १६ सेल, प्रत्येकी ३.६५ म्हणजे ५८.४ व्होल्टला तिचा बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं संरक्षण सर्किट, स्वतःच चार्जिंग तोडतो, डंप लोड लागायच्या आधीच. पॅनेल तोडलं तर ते गप्प बसतं. पवनचक्कीचा लोड गेला की ती मोकाट सुटते, आणि वारा दुप्पट झाला तर त्यातली ताकद आठपट होते!

आता इक्वलायझेशन (लेड-ॲसिडला अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्ट देणं) बंद आहे. सोलर ५५.२ व्होल्टला थांबतं, वाऱ्याचा डंप लोड ५६ ला लागतो. आधी सोलरला थांबवायचं, वाऱ्याला कधीच मोकळं सोडायचं नाही, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

दुसरी चूक माझीच. व्होल्ट बघून मी बॅटरीचा अंदाज घ्यायचो. लिथियममध्ये बराच वेळ आकडा ५२-५३ च्या आसपासच राहतो, मग एकदम घसरतो. शंट (बॅटरीत आत-बाहेर जाणारा करंट मोजणारं यंत्र) बसवला तेव्हा खरी टक्केवारी दिसायला लागली. ३० टक्क्यांवर आलो की महावितरणची लाइट, तीही असेल तर. नसेल तेव्हा फक्त काटा आणि फॅट मशीन.

डंप लोडची कॉइल आता पाण्याच्या टाकीत आहे, किटल्या धुवायला गरम पाणी मिळतं. पोरगं आल्याआल्या टाकीची पातळी बघतं. कॉइल उघडी पडून जळाली, तर चक्की पुन्हा मोकळी.